टीव्हीवर दिसलेले हात

दि. ६ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,
अ. आ.

फोन केला की तू बुलेटिनचं कारण सांगून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. बाबांचा गुडघा आता बरा आहे. जिना उतरताना कठडा धरा म्हटलं की माझ्यावर डोळे वटारण्याइतका बरा.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. मंगळवारी तुमच्या चॅनेलवर भेसळीच्या, किडक्या पिठाची बातमी होती. त्यात आपल्या गल्लीच्या टोकाचे बेकरीवाले काका दाखवले. चेहरा नव्हता, नुसते पीठ मळणारे हात होते. पण उजव्या हाताचं एक बोट अर्धंच, ते कोण ओळखणार नाही? तीस वर्षं त्याच हातांनी आपल्याला पाव दिलाय. घरातला पाव, बिस्किटं, टोस्ट, होतं नव्हतं ते सगळं कचऱ्यात टाकलं. बाबा म्हणाले की काकांना ते टीव्हीच्या आधीपासून ओळखतात, आणि मुद्दाम जिना उतरून ताजा पाव घेऊन आले. दोन दिवस झाले, आमचा अबोला चालू आहे.

गल्लीत दुसरा विषय नाही. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका सांगतात की त्यांना पावाला वास यायचाच. हे त्या इतकी वर्षं बोलल्या नव्हत्या. शाळेनं बिस्किटं घेणं बंद केलं, कोपऱ्यावरचा चहावालाही दुसरीकडून पाव आणतो. एवढ्या मोठ्या चॅनेलनं दाखवलं म्हणजे चौकशी करूनच दाखवलं असणार. बातम्यांना दृश्यं जोडायचं काम तुझंच, तेव्हा काकांकडे नेमकं काय सापडलं ते कळव.

वेळेवर जेवत जा, आणि बहिणीवरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. काही सापडलं नाही ताई. काकांच्या बेकरीत चौकशीला कोणी गेलंच नव्हतं.

ती बातमी दूरच्या एका कारखान्याची होती. बातमीदारानं मजकूर पाठवला, पण दृश्यं आलीच नाहीत. बुलेटिनला वीस मिनिटं उरली होती आणि पडदा रिकामा ठेवता येत नाही. मागच्या सुट्टीत मी हौसेनं बेकरीत चित्रण केलं होतं, काका त्यासाठी धुतलेला सदरा घालून आले होते, ते माझ्याजवळ होतं. त्यातले सात सेकंद मी घेतले. काकांना त्रास नको म्हणून चेहरा वगळून फक्त हात घेतले. आमच्याकडे हे रोजचं आहे. जुनं चित्रण आहे एवढं कोपऱ्यात लिहायचं असतं, तेही घाईत राहिलं.

ते अर्धं बोट मला दिसलंच नाही. लहानपणापासून बघत आलोय, म्हणूनच दिसलं नसावं. माझी मलाच लाज वाटते. संपादकांशी बोललोय, खुलासा जाईल. तोवर बाबांना सांगू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण परकं करू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २४ फेब्रुवारी

चि. भावास,
आशीर्वाद.

बाबांना सांगितलं. त्यांच्यापासून लपवणं मला जमत नाही. ते हल्ली दुपारभर बेकरीत जाऊन बसतात.

तुझा खुलासा गुरुवारी पाहिला. पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली, वर मॅच चालू होती. मी डोळे लावून बसले होते म्हणून मला दिसली. गल्लीत एकानंही वाचली नाही.

तुझ्यावर खूप चिडले आहे, पण कोणत्या तोंडानं रागावू? अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं झाली मला. तपासल्याशिवाय कशालाही नावं ठेवायची नाहीत, हे नव्या मुलींना मीच शिकवते. आणि काकांचा पाव मी न तपासता फेकला. सोमवारी त्यांच्या पिठाचा नमुना रीतसर तपासला. अगदी स्वच्छ निघाला. अहवाल गल्लीत दाखवला तर लोक म्हणाले की असले कागद हवे तसे मिळतात, टीव्हीवर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दिसतं तसं नसतं म्हणून उठता-बसता सांगणारी माणसं ही.

पण मला खरी काळजी काकांची वाटते. काकू सांगत होत्या की ते दिवसभर पीठ चाळतात, चाळलेलं पुन्हा चाळतात. परवा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की प्रयोगशाळेची कधी चूक होते का, कारण काहीतरी असल्याशिवाय टीव्हीवर आलं नसतं. आता भट्टी बंद करायची म्हणतात. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते तुझ्या तोंडून जायला हवं. ये आणि सांग. एक तारखेपासून मी दहा दिवस प्रशिक्षणाला बाहेरगावी आहे, माझ्यासाठी थांबू नकोस.

माया आहे म्हणूनच एवढं कडक लिहिलंय.

ताई

दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मंगळवारी घरी आलो आणि पिशवी ठेवून तडक बेकरीत गेलो. बाबा तिथेच होते. काकांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मूळ चित्रण दाखवलं, त्यावरची तारीख दाखवली, हे माझ्या हातून झालं म्हणालो.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले की तू लहानपणी इथेच खाऊन वाढलास, म्हणून माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतोयस. पण एवढं मोठं चॅनेल उगाच कुणाचे हात दाखवेल का? असलं बाहेर बोलू नकोस, नोकरी जाईल, असंही त्यांनी बजावलं. मला रडू आवरेना. माझी माया पाहून तेही रडले. गेलो होतो माफी मागायला, आणि त्यांनी माझीच समजूत घातली.

काल त्यांनी भट्टी विझवली. बाबांनी परोपरीनं सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. आज सकाळपासून मी बेकरीच्या दाराशी उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो की ते दृश्य मी लावलं होतं, काकांचा काही दोष नाही. लोक थांबतात, नीट ऐकून घेतात. मग विचारतात की काही नव्हतंच, तर यांनी दुकान का बंद केलं.

तुझ्या लोभावर हक्क सांगायला तोंड नाही, तरी तो असू दे.

तुझा,
धाकटा