पंचवीस वर्षं टिकणारे खांब

लासुर्णे,
मंगळवार (तारीखही लिहिली असती, पण कॅलेंडर कालवडीने खाल्लं)

तीर्थरूप विजयसिंह दाजींच्या पायांवर मेहुणा मानसिंग याचं डोकं, लांबूनच.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजायचा तो अजून वाजतो का? साखर जपावी. (आक्का चहात अर्धा चमचाच घालते, हे ठाऊक आहे. आपण उरलेला अर्धा कुठे घालता, हेही ठाऊक आहे.) पत्र लिहिण्याचं कारण असं की फोन केला तर आक्का उचलते, माझा "हॅलो" ऐकते आणि ठेवून देते. तुमच्या मोबाइलवर केला तरी तीच उचलते, त्यावरून बारामतीचा कारभार कसा चालतो ते कळतं. म्हणून दुधाच्या गाडीवरच्या ऋतिकच्या हाती हे पाठवतोय. दाजींच्याच हातात दे, असं त्याला दोनदा बजावलंय.

गेल्या चैत्रातलं आपल्याला आठवत असेलच. आक्का माहेरी आली, चार दिवस खपून तिने अंगणात बाजांवर कुरडया घातल्या आणि त्याच दुपारी आमच्या रंभा गाईला मान खाजवावीशी वाटली. मुक्त गोठ्याचे ते बाभळीचे खांब वाळवीने आतून कधीच संपवले होते, उभे होते ते निव्वळ सवयीने. एक आडवा झाला, त्याने शेजारच्याला ओढलं आणि अकरा गाई कुरडयांच्या पंगतीला बसल्या. आक्का रडली नाही, हेच वाईट झालं. पिशवी भरताना एवढंच म्हणाली, "मान्या, हितं धड कुपाण झाल्याबिगर मी माहेरची पायरी चढणार न्हाय." आणि चढली नाही. भाऊबीजेला आमच्या हिने पाट मांडला, रांगोळी घातली. संध्याकाळी त्या पाटावर मी एकटाच बसून करंजी खाल्ली.

तेव्हापासून मी लाकडाच्या मागे आहे. तार नको, कारण मागे रंभेची कास तारेने फाटली होती. लाकूडच हवं, आणि टिकणारं हवं. शेजारचे म्हस्कूआबा (वय ऐंशी, उंची सहा फूट, सल्ला फुकट) म्हणाले, बुंधे जाळून काळे करायचे आणि वर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायचं. फासलं. दुसऱ्या दिवशी सगळी वासरं काळ्या पट्ट्यांची झाली, आणि मी त्याच खांबाला टेकून उभा राहिल्यामुळे इंदापूरच्या लग्नात तसाच पट्टा पाठीवर घेऊन जेवलो. मग एकाने "ताजा माल" म्हणून पांगाऱ्याचे खांब दिले. ताजे होते यात शंका नाही, कारण पंधरा दिवसांत त्यांना पालवी फुटली. कुंपणच शेत खातं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्याकडे गुरांनी कुंपण खाल्लं.

शेवटी बारामतीच्या कृषी प्रदर्शनात सौरभ नावाचा मुलगा भेटला. तो ट्रीटमेंट केलेले खांब विकतो. लाकूड टाकीत घालतात, आतली हवा ओढून घेतात आणि दाबाने हिरवं औषध गाभ्यापर्यंत मुरवतात. वाळवी नाही, कूज नाही, पंचवीस वर्षांची गॅरंटी. सोबत आलेल्या आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर लाकडाला असा आजार तरी काय झालता?" सौरभ शहाणा, हसला नाही. शेजारच्या गाळ्यात असलेच हिरवे खांब स्वस्तात होते. आबांनी तिथे नमुना कापायला लावला, तर वरून हिरवा आणि आत मुळ्यासारखा पांढरा. नुसता रंग फासलेला. सौरभचा कापला, तर औषध पार मध्यापर्यंत. तिथेच ठरवलं. किती खांब लागतील ते आबांनी आधीच गोठ्याभोवती पावलं टाकून मोजून ठेवलं होतं, तेवढे आणले.

परवा ते पुरले. दणकट काम झालंय. मी, आबा आणि ट्रॅक्टर अशा तिघांनी ढकलून पाहिलं, ट्रॅक्टर मागे सरकला. तेव्हा आक्काला सांगावं की धड कुंपण झालं आहे. शब्द तिचा होता, तो मी पाळलाय.

आपला आज्ञाधारक (आक्काचा त्याहून जास्त),
मानसिंग

ता. क. आपल्याशी खोटं बोलवत नाही. खांब पुरले, पण पुरले नाहीत. आबांचं एक पाऊल म्हणजे माझी दोन पावलं, हे खड्डे खणताना कळलं. गोठ्याला निम्मेच झाले असते. म्हणून कुंपण अंगणाभोवती घातलंय. अंगण आत आणि अकरा गाई बाहेर मोकळ्या. "हितं" म्हणजे कुठं, ते आक्का बोलली नव्हती आणि बोट तर अंगणाकडेच होतं.

ता. क. २. गॅरंटीच्या कागदावर मालकाचं नाव लागतं. मी आक्काचं घातलंय. दरवर्षी चैत्रात कंपनीचा माणूस खांब तपासायला येणार, तेव्हा मालकाने समक्ष हजर राहून सही करायची, नाहीतर गॅरंटी रद्द. अट पंचवीस वर्षांची आहे. (ही अट छापील नाही. सौरभकडून पेनाने लिहून घेतलीय.)

ता. क. ३. कुरडयांचे गहू कालच भिजत घातलेत. गुरुवारी वाटायचे. ही म्हणते, चीक घाटावा तो वन्संनीच, मी पळीला हात लावणार नाही. शुक्रवारी गहू आंबतील. ऋतिकची गाडी उद्या सकाळी आपल्या दारावरून परत येते, पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलीय. बाजा अंगणात टाकून ठेवल्यात.