कॅनव्हासच्या बादलीतले एकोणीस आकडे

मी, सखाराम पदू ओव्हाळ, वय ६४, मालवाहू जहाजावरचा निवृत्त सुकाणी, राहणार कळंब, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. राग आहे, पण तो दाबात धरू नये.

१. कळंबचे घर, त्यामागची नऊ गुंठे जमीन आणि पोस्टातली शिल्लक माझ्या पश्चात पत्नी पुतळाबाई हिची. बावीस वर्षे तिने नवरा वर्षातून दोनच महिने पाहिला. तिच्या हिश्श्यात कोणी ढवळाढवळ करू नये.

२. लोखंडी ट्रंक थोरली बहीण जना हिला. फक्त ट्रंक. आतल्या सात वह्यांना तिने हात लावू नये. एकीवर तिने पापड वाळत घातले होते. मी ओरडलो तर म्हणाली, "समुद्राचा ताप मोजून तुला काय मिळालं रं? त्याला बरं वाटलं का?" काय मिळाले ते कलम ४ मध्ये आहे.

३. त्या वह्या, कॅनव्हासची बादली आणि थर्मामीटर पुण्याच्या संशोधक प्रमोदिनीबाई यांना. जुन्या जहाजांच्या नोंदींवरून समुद्राचे तापमान काढण्याचे काम त्या करतात. त्यांनी पत्रातून विचारले, "बादली वर आल्यापासून थर्मामीटर वाचेपर्यंत किती वेळ जाई, हे कोणी लिहून ठेवले आहे का?" पंचवीस वर्षांत हे विचारणारे पहिले माणूस. मी ठेवले आहे. रोज दुपारी बाराला समुद्रातून बादली ओढली की किती मिनिटे गेली, ऊन की सावली, वारा किती. ओल्या कॅनव्हासमधून पाणी झिरपते, वारा लागला की आतले पाणी माठातल्यासारखे गार होते. म्हणून बादलीचा आकडा समुद्रापेक्षा कमी यायचा.

४. हे मी १९५९ साली आमचे सेकंड ऑफिसर दत्तोपंत फाटक यांना सांगितले. हल्ली ते कर्जतला दहिवलीत निवांत राहतात. त्यांनी सगळ्या खलाशांसमोर विचारले, "ओव्हाळ, तुला दशांश कोणी शिकवला नाही का?" खालापूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसून मी गणितात पहिला आलो होतो. त्यांचे म्हणणे, बादलीत काही दोष नाही, तूच वाचायला चुकतोस. ११ ते २९ मे, असे एकोणीस दिवस मी आकडा सांगायचा, त्यांनी तो वाढवायचा आणि माझ्याच हातून लॉगबुकात लिहून घ्यायचा. वर माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा मारला, 'निष्काळजी'. बढती गेली ती कायमची. हे मी माफ केलेले नाही, आणि या कागदानेही करत नाही.

५. पण अक्षर माझे आहे. नोकरी जाईल या भीतीने खरा आकडा मी स्वतःच्या वहीतही ठेवला नाही, नुसते टिंब दिले. त्याची मला लाज वाटते. आता प्रमोदिनीबाई बादलीची चूक भरून काढायला कॅनव्हासच्या सगळ्या नोंदींत थोडे तापमान मिळवणार. या एकोणीस आकड्यांत ते आधीच मिळवलेले आहे. दुरुस्ती दोनदा होईल आणि समुद्र कधी नव्हता इतका गरम दिसेल. म्हणून त्यांना कळवावे की टिंबाच्या तारखांना लॉगबुकात जे आकडे आहेत त्यांतून आधी अर्धा अंश वजा करा. माझ्या आठवणीप्रमाणे रोज अर्धाच वाढवला होता.

६. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. तिसरी जागा दत्तोपंतांची. त्यांनी सगळे वाचून सही करावी. नसेल करायची तर जागा कोरी राहू द्यावी, लोक समजतील.

७. माझी राख उल्हास नदीत सोडावी. समुद्रापर्यंत ती आपली आपण जाईल.

मुक्काम कळंब, ता. ९ डिसेंबर १९८४
सही: सखाराम पदू ओव्हाळ

आमच्यासमोर सही केली:
१. रामभाऊ धर्मा रोकडे, कळंब
२. कमळाकर भिवा साळवे, कर्जत
३. द. वि. फाटक, दहिवली. सर्व वाचले. रोज अर्धा अंश नव्हे. वारा असेल त्या दिवशी मी पूर्ण एक अंश वाढवत असे, कारण वाऱ्याने बादली गार होते हे मलाही दिसत होते. ओव्हाळ यांच्या वहीत वारा लिहिलेला आहे, त्यावरून ते दिवस निघतील. त्यांचे वाचन बरोबर होते.

वरील दुरुस्ती मान्य. स. प. ओव्हाळ