अडतिसावा नंबर

सोमवार, ३ नोव्हेंबर

टाकली एकदाची यादी! बास्केटबॉल लीगचे पन्नास खेळाडू, एक ते पन्नास, पहिल्या सामन्याच्या महिनाभर आधी, दरवर्षीसारखी. ‘रिंगखाली’ या माझ्या पानाला आता अकरा हजार लोक आहेत. ते पान चालवणारी मी, शाहूपुरीतल्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करणारी सदफ, हे अम्मीलासुद्धा माहीत नाही. नाही तेच बरं.

अकराला टाकली, बारापर्यंत चारशे कमेंट. पहिला कोण, दुसरा कोण, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. सगळे एकाच ओळीवर तुटून पडलेत. अडतीस — सम्राट. आपला कागलचा सम्राट! गेल्या वर्षी मीच त्याला सातवा दिला होता. यंदा पोरं त्याला पहिल्या तिघांत धरून बसली होती.

डबा तसाच परत आणला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

‘अ‍ॅडमिन पुण्याचा हाय, जळतोय आपल्यावर.’ ‘ह्याला बास्केटबॉल न्हाय, कॅरम कळतो.’ ‘नाव-पत्ता सांग भावा, तांबडा रस्सा पाजतो.’ — या शेवटच्याचीच जास्त भीती वाटली. आणि मी बाई असेन असं एकाच्याही डोक्यात येत नाही. यंदा त्याचे उपकारच मानायचे.

एकच जण शिव्या देत नाही. कागलकर_११. फोटो नाही, काही नाही. काल लिहिलं होतं, आज परत लिहिलंय — ‘अडतीस का? कारण सांगा.’

कारण आहे. इथं लिहायला काय हरकत, ही वही कोण वाचतंय!

नवरात्रात सम्राट आमच्या दुकानात आला होता. त्याचा जिगरी दोस्त धैर्यशील कसलासा फ्लेक्स न्यायला आलेला, त्याच्या मागून हा. दुकान तळघरात, जिना उभा, अकरा पायऱ्या. धैर्यशील धडाधडा खाली आला. सम्राट मात्र कठडा धरून, अंग तिरकं करून — आधी डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. परत डावा, परत उजवा. मध्येच वर बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मी मॉनिटरच्या आड होते. खाली पोचल्यावर हसून सगळ्यांशी हात मिळवले.

मी पाच वर्षांपूर्वी तश्शीच जिने उतरत होते. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर होती म्हणून तीन महिने कुणाला बोलले नाही. मग एका साध्या उडीत गुडघ्यातून आवाज आला आणि संपलं. डॉक्टर म्हणाले, आधी आली असतीस तर वाचला असता.

म्हणून अडतीस. सातवा दिला तर खोटं, यादीतून काढला तर बोभाटा. वाटलं, नंबर खाली गेला की लोकांची अपेक्षा उतरेल, तो जरा विसावा घेईल. काय पण माझं शहाणपण!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

धैर्यशील आला. एकटाच. दहा बाय पंधराचे चार फ्लेक्स. रविवारी सोळा तारखेला सांगलीच्या संघाशी प्रदर्शनी सामना ठेवलाय, कागलच्या शाळेच्या कोर्टावर. सम्राट खेळणार. का? तर त्या अडतीसवाल्याला उत्तर द्यायला!

मी कीबोर्डकडे बघत विचारलं, सम्राट हो म्हणाला का. तर म्हणे, ‘न्हाय कसं म्हणंल? आख्खा गाव ईर्षेला पेटलाय. आता मागं सरला तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का त्याला?’

मजकूर त्यानं सांगितला, टाईप मी केला — ‘अडतीसवाल्या, रविवारी ये! उत्तर कोर्टावर मिळेल.’ दुकानाचे मालक हंबीररावमामा मागे उभे राहून म्हणाले, अडतीस लाल कर, डोळ्यात भरलं पाहिजे. केलं लाल. स्वतःला स्वतःच्या हातानं दम भरला आणि वर सावली पण दिली अक्षराला. फोटो सम्राटचा, हवेत उंच, दोन्ही गुडघे दुमडलेले. त्या डाव्या गुडघ्यावर झूम करून किती वेळ बसले कोण जाणे. फोटोत काय दिसणार!

पण मी हे काय करून बसले? त्याला बसवायला नंबर दिला आणि लोक त्याला त्याच नंबरापायी उभा करायला निघालेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फ्लेक्स लागले. घरी जाताना दोन दिसतात, तिसरा अम्मीनं दाखवला. ‘तू केलास ना गं? झकास झालाय!’

सोमवार, १० नोव्हेंबर

यादी खोडून टाकू? मग म्हणतील, घाबरला. सामना आणखी मोठा होईल. खरं कारण जाहीर लिहू? वीस तारखेला त्याच्या संघाची वैद्यकीय तपासणी आहे, करार त्यावर ठरतो. माझ्या एका ओळीनं पोराची रोजीरोटी जायची. आणि माझ्याकडे पुरावा काय, तर अकरा पायऱ्या! कदाचित त्याचा त्या दिवशी नुसता पाय मुरगळला असेल. कदाचित चप्पल चावली असेल. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज पटत नाही.

त्याच्या पानावर निरोप पाठवला — ‘गुडघा दाखवून घ्या.’ उत्तर लगेच आलं, हात जोडलेले आणि ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी’. दुसरंच कुणीतरी बघतंय ते पान.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कागलकर_११ परत. आता खाजगीत. ‘शिव्या घालणार न्हाय. फक्त कारण सांगा.’

मी विचारलं, तुम्ही कोण? ‘त्याच्या लई जवळचा हाय.’

तासभर फोन उलटा करून ठेवला होता. शेवटी लिहिलं. ‘त्याला जिना उतरताना बघा. डावा गुडघा. जवळचे असाल तर रविवारी त्याला कोर्टावर उतरू देऊ नका. माझाही असाच गेला.’

पाठवलं!!

बुधवार, १२ नोव्हेंबर

वाचलंय. उत्तर नाही.

सदफ, तू वेडी आहेस का? ओळख ना पाळख, जवळचा आहे म्हणाला आणि तू विश्वास ठेवलास! पत्रकार असेल. सांगलीचा असेल — मग रविवारी सगळे त्याच्या डाव्या पायावरच जातील. दुकानात दोनदा चुकीचं माप घातलं. मामा म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. घरी जाऊन काय करू?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कागलकर_११ हे खातंच बंद! नाव शोधलं तर काही निघत नाही.

सगळीकडे सम्राटचं नाव शोधत बसले. गुडघ्याबद्दल कुठं एक शब्द नाही. शंभर ठिकाणी अडतीस, अडतीस, अडतीस. कुणी टी-शर्ट छापलेत. बातमी कधी फुटते याची वाट बघत दर पाच मिनिटांनी फोन उघडते. फुटली तर माझ्यामुळं, नाही फुटली आणि तो खेळला तर तेही माझ्यामुळं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अजून काही नाही. अम्मीनं दृष्ट काढली. काढू दिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी मामा जेवायला गेले होते. वरून हाक आली, ‘कोण हाय का?’ बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी सम्राट. एकटा. म्हटलं, या की खाली. आला नाही. मीच वर गेले, कठडा धरून, माझ्या सवयीनं तिरकी. तो माझे पाय बघत होता.

‘ताई, आमच्या घराला जिना न्हाय,’ तो हळूच म्हणाला. ‘संघाच्या हॉस्टेलला लिफ्ट हाय. आख्ख्या दोन महिन्यात मी एकच जिना उतरलोय. ह्यो.’

म्हणजे माझ्या ‘जिना’ या एका शब्दावरून तो इथं पोचला होता. कागलकर अकरा मीच, म्हणाला. कुणाला तरी कळलंय का, एवढंच त्याला बघायचं होतं. घरी बोलला नाही, धैर्यशीलला नाही, संघात तर नाहीच. आणि मग म्हणाला, ‘दुसऱ्या कुणाला इचारायची सोय न्हाय मला. तुमचा गेलाय, तुम्ही सांगा. उद्या खेळू का?’

मी म्हटलं, नको.

तो वरच्याच पायरीवर बसला, डावा पाय लांब करून. ‘बरं झालं,’ म्हणाला, ‘कुणीतरी म्हटलं.’