पुढच्या जूनचं दहावीचं गणित

सोमवार, १८ जुलै १९९४
पुढच्या जूनपासून दहावीचं गणित माझ्याकडे राहील किंवा वाघमोडे बाईंकडे जाईल. बातमी पक्की, हेडसरांनीच मधल्या सुट्टीत सांगितली. ठरणार नववीच्या घटक चाचणीवर, कोणाची तुकडी पुढे ते बघून. पेपर आणि उत्तरसूची माझी. माझ्या 'अ' तुकडीचे पेपर बाई तपासणार, त्यांच्या 'ब'चे मी.
सोळा वर्षं दहावी माझी. बाईंना नोकरी लागून दोन वर्षं. हेडसर म्हणाले, "स्पर्धा नाही हो ही, सर." मग काय आहे?

गुरुवार, २१ जुलै
'अ'ला वास्तव संख्यांचं वर्गीकरण लिहून देत होतो. बाहेर 'ब'चा गलका. बाईंनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं एकात एक वर्तुळं आखलेली. सगळ्यात आत नैसर्गिक संख्या, मग पूर्ण, पूर्णांक, परिमेय. त्याबाहेर मोकळ्यावर अपरिमेय. पोरांच्या गळ्यात संख्येच्या पाट्या. ज्यानं त्यानं आपली जागा शोधायची. √१६ वाला बाहेर उभा. बाई म्हणाल्या, "आधी मूळ काढ की." तो थांबला, पुटपुटला आणि चालत पार मधल्या वर्तुळात गेला. एक पोरगं ओरडलं, "आलं, मेंढरू वाघुरात आलं." बाईंच्या घरी पूर्वी मेंढरं होती, मेंढरं कोंडायचं जाळीचं वाघूर त्यांच्या ओळखीचं. त्याही हसल्या.
मग √३ आणि −√३ अशा दोन मुलींनी हात धरले. बेरीज. दोघी आत जाऊन शून्याच्या पाटीशी उभ्या.
माझा अख्खा वर्ग खिडकीत. खिडकी लावून घेतली. उकडत होतं.
तास चांगला होता. हे फक्त इथं.

शुक्रवार, २२ जुलै
हेडसर : "तुम्ही दैनिकाचे वार्ताहर. बाईंच्या तासाची बातमी पाठवा की."
बातमीचं पाकीट वेळेत गेलं नाही असं माझ्याकडून कधी झालेलं नाही. आजही दुपारच्या बारामती गाडीला दिलं. बारा ओळी. 'शाळेच्या गणित विभागाने मैदानावर...' विभागप्रमुख मी. एक अक्षर खोटं नाही. बाईंचं नावही नाही.

मंगळवार, २६ जुलै
छापून आली. बाई म्हणाल्या, "छान लिहिलंय सर, मोजकं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
संध्याकाळी इंदापूर स्टँडवर त्यांचे वडील भेटले. निरवांगीचे तात्या. अंक काखेत.
"गुरुजी, पोरीचं नाव कुठं दिसंना."
"जागा कमी पडली, तात्या."
"व्हय का. खाली तर केसांच्या तेलाची जाहिरात हाय, हाताएवढी."
"जाहिरातीचं माझ्याकडे नसतं."
"न्हाय, तुमी कशाला बघताल. चला, च्या घेऊ."
चहा त्यांनीच पाजला. साखर जास्त होती.

शुक्रवार, २९ जुलै
चाचणी सोमवारी. पेपर सायक्लोस्टाइल होऊन हेडसरांच्या कपाटात.
तास सुटताना 'अ'ची सुनीता उभी राहिली. "सर, तुमी लिहून दिलंय, दोन अपरिमेय संख्यांची बेरीज नेहमी अपरिमेयच असती. मग बाईंच्या त्या दोघी शून्यावर कशा गेल्या?"
म्हणालो, "मैदानावरचं मैदानावर. वहीतलं पाठ कर."
घरी टिपणं काढली. पहिल्या वर्षीचं अक्षर. 'नेहमी' मीच घातलेलं, खाली रेघ मारून. कॉलेजात नीट शिकलो होतो. पोरांना पाठ करायला सोपं जावं म्हणून एका ओळीत बसवलं, पुढं दरवर्षी तेच उतरवून देत गेलो.
पेपरात प्रश्न पहिला (ड) : हेच विधान, चूक की बरोबर. उत्तरसूचीत मी 'बरोबर' लिहिलंय. 'ब'ची पोरं 'चूक' लिहिणार. सूचीप्रमाणे त्यांचा गुण कापायचा अधिकार माझा.

शनिवार, ३० जुलै
स्टाफरूममध्ये बाई एकट्या, वह्या तपासत. सांगून टाकावं म्हणून गेलो. समोरच्या वहीवर लाल शाईनं लिहिलेलं : 'तुझी रीत माझ्यापेक्षा सोपी आहे.' एका पोराला. सोळा वर्षांत 'पाहिले' आणि सही, यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही.
"काही हवं होतं का सर?"
"खडू," म्हणालो.

सोमवार, १ ऑगस्ट, सकाळ
उत्तरसूचीत 'बरोबर' खोडून 'चूक' केलं. आता 'ब'ला तो गुण मिळेल. 'अ'ला मिळायचा तर आधी सांगावं लागेल, माझ्याच तोंडानं. पहिला तास 'अ'वर माझा. चाचणी तिसऱ्या तासाला.
बाईंचं उदाहरण घ्यायचं नाही. २+√५ आणि २−√५ असं दुसरं काढून ठेवलंय. बेरीज चार. सुनीता विचारेल, हे आधी का नाही सांगितलं. शाळेची वेळ झाली, निघतो.