फुटलेल्या काचेच्या चाळीस पेट्या

४ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, बोलणं मात्र तेवढंच आहे.

आमच्या काच कारखान्याच्या आता तीन शाखा झाल्या. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर इतकं थकलंय की एक बिल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. मे महिन्यापासून नवीन येणार, आणि तयारी माझ्या गळ्यात पडली आहे. एकेक गिऱ्हाईक चार-चारदा नोंदलेलं आहे. ते निवडताना डोळ्यांचं पाणी झालं.

पण लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. संगणकवाल्या इंजिनियरने जुन्या सगळ्या नोंदींची यादी काढून दिली. तिच्यात नोंदीवर घातलेली तारीख आहे, आणि शेजारी ती खरोखर कधी टाईप झाली ती तारीख. ही दुसरी तारीख आम्हाला पडद्यावर कधी दिसलीच नव्हती. तू होतीस तेव्हाही सगळे संगणकात तुझ्याच नावाने आत शिरायचे; तू नोकरी सोडल्यावर नवीन नाव उघडायचा सगळ्यांनी कंटाळा केला, म्हणून नऊ वर्षं तेच चाललंय. तू नोकरीत नाहीस, पण रोज कामावर आहेस.

नऊ वर्षांपूर्वीची, जिच्यापायी तुझी नोकरी गेली, ती नोंदही सापडली. काच फुटली, पेट्या चाळीस. तुझं नाव, तारीख अकरा. टाईप झाली चौदाला. चौदाला आपण दोघं आईच्या डोळ्याची पट्टी सुटायची वाट बघत इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि भात करपवला.

फुटलेल्या काचेचा एकही तुकडा कुणाला सापडला नाही, म्हणून मी चोर ठरले. पेट्या मागच्या दाराने कुणी विकल्या हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं, पण मालकांच्या मेहुण्याला कोण बोलणार? माझ्या सासूबाई अजून कपाटाला कुलूप लावताना माझ्याकडे बघतात. आणि तू तेव्हा गोदामात मान खाली घालून पेट्या मोजत राहिलास. घर तुझ्या पगारावर होतं हे मला माहीत आहे. तरी विसरले नाही, हेही तुला माहीत असू दे.

आता घाई करू नकोस. कागद नेऊन दाखवलास तर मेहुणेसाहेब म्हणतील, त्या नावाने कुणीही बसलं असेल. त्यांच्याच हातून लिहून घे. दुसऱ्याच्या वाढदिवसाला पुढे होऊन केक कापणारा माणूस आहे तो. श्रेय समोर ठेव, आपणहून तोंड घालेल.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
चिमणी

२३ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तू लहानपणी मांजरीसारखी दबा धरून बसायचीस, ते आठवलं.

सगळ्या नोंदी एकाच नावावर असल्याने कोणती कुणाची हे ठरवल्याशिवाय नवीन सॉफ्टवेअरमध्ये नेता येत नाहीत. हे खरंच आहे, मी रचलेलं नाही. म्हणून तुझ्या रजेच्या प्रत्येक आठवड्याचा एकेक कागद काढून सगळ्यांत फिरवला, की त्या दिवसांत टाईप केलेलं काम कुणाचं ते लिहून द्यावं. जास्त काम ज्याचं, त्याला नव्यात सगळे अधिकार मिळणार, हेही सांगितलं.

मेहुणेसाहेबांनी खुर्ची ओढली आणि आईच्या डोळ्याच्या वेळच्या आठवड्याच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, की बारा ते सोळा सर्व नोंदी मी एकट्याने केल्या, दुसऱ्या कुणी संगणकाला हात लावला नाही. खाली लांबलचक सही. चोरीच्या नोंदीवर स्वतःच अकरा तारीख घातली होती, म्हणजे ती तुझ्या खात्यावर गेली, याच भरवशावर ते निवांत होते; टाईप झाल्याची तारीख यादीत दिसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सकाळी प्रार्थनेला बसलो तर डोळ्यांपुढे तोच कागद. लाज वाटली, पण उठून कागद फाडावा इतकी नाही.

तुझा,
दादा

३१ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. झालं.

बैठकीत मालक, इंजिनियर आणि शाखांचे तिघे होते. मी एका बाजूला यादी ठेवली, दुसऱ्या बाजूला मेहुणेसाहेबांचा कागद. मालकांनी दोन्हींवर बोट फिरवलं आणि चष्मा काढून ठेवला. मेहुणेसाहेब म्हणाले की मशीनची तारीख चुकली असेल. त्यावर इंजिनियर म्हणाला की मग त्या आठवड्यातल्या बाकीच्या दोनशे नोंदीही चुकीच्या, ज्या आपल्याच म्हणून साहेबांनी सही केली आहे. मग मेहुणेसाहेब माझ्याकडे वळले. आपण सगळी लेकराबाळांची माणसं आहोत, असं काहीसं म्हणाले. मी म्हणालो की माझी बहीणही कुणाची लेकच होती. नऊ वर्षांत कारखान्यात मी आवाज चढवला तो तेवढाच.

त्यांना काढलं. मालकांनी स्वतःच्या हाताने तुझी माफी मागणारं पत्र लिहिलं आहे, ते सोबत. सासूबाईंना मोठ्याने वाचायला दे.

एकच राहिलं. मेहुणेसाहेबांना अनुभवाचा दाखला हवाय, आणि तो टाईप करायचं माझ्याकडे आलंय. तुला दिला होता त्यात अमुक तारखेपासून तमुकपर्यंत कामाला होती, एवढंच होतं. वर्तणूक चांगली, ही ओळ नव्हती. तेवढ्या एका ओळीपायी तुला कुणी दारात उभं केलं नाही. ती ओळ आता घालू का? मालक म्हणतात, जिचं गेलं तिला विचारा. तुझं उत्तर येईपर्यंत कागद खणात आहे.

तुझा,
दादा

७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. सासूबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली मात्र माझ्या हातात दिली आणि भाजी निवडायला बसल्या.

माझा जुना दाखला सोबत पाठवतेय. तोच समोर ठेवून टाईप कर. नाव आणि तारखा बदल, बाकी एक शब्द जास्त नको.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव नेऊ नकोस. मला आता सुट्टी दे.

तुझ्या प्रार्थनेचं म्हणशील, तर तुझ्यासाठी क्षमा माग, माझ्यासाठीही माग. त्यांच्यासाठी मागू नकोस. ते काम त्यांनी एकट्याने करावं, दुसऱ्या कुणी हात लावू नये.

वहिनीला जप, खोकला परत यायला नको. रागावली तरी बहीण आहे, हे ध्यानात असावं.

तुझी,
चिमणी