दानीएलासारखे दहा दिवस

७ नोव्हेंबर १९७८, मंगळवार
मारणारे हे आणि सोलणारी मी! पेठच्या रस्त्याला जायचं, ठो करायचं, ससा मोरीत टाकायचा आणि खाटेवर आडवं व्हायचं. आज पोट चिरलं तर आत तीन पिल्लं. बोटाएवढी. यांना बोलावून दाखवली. म्हणाले, "लांबून काय कळतंय मादी आहे का नर?" बावीस वर्षं हेच. आता सुगीचं प्रीतिभोजन आलं. चर्चची गडीमाणसं दरवर्षी त्यासाठी शिकारीला जातात. म्हणे मंडळीची परंपरा. परंपरा मंडळीची, मोरी माझी.
बास. ही शिकार मी बंद पाडणार.
ससा शिजवला. टाकून कसा द्यायचा? दोनदा वाढून घेतला, पण रागानं घेतला.

८ नोव्हेंबर, बुधवार
महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, देवानं आदामाला झाडपाला आणि फळं दिली होती, बंदूक दिली नव्हती. बायका हसल्या. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूनं स्वतः मासे खाल्ले, आणि पेत्राला तर वरून हुकूम आला, मार आणि खा. मी म्हटलं, पेत्राला भूक लागली होती. आपली माणसं जेवून शिकारीला जातात.
मग पाळकसाहेब म्हणाले, "सरुबाई, तुम्हाला तरी मांसाशिवाय जमेल का? दानीएलानं राजाच्या ताटातलं मांस नाकारलं, दहा दिवस शाकान्न खाल्लं. तुम्ही खाऊन दाखवा. जमलं तर यंदा शिकार बंद, प्रीतिभोजन डाळ-वांग्याचं."
चाळीस बायकांसमोर प्रॉमिस दिलं. शेजारची लंकाबाई म्हणाली, "दानीएलाला तुझ्यासारखी भूक नव्हती गं!" जळते.

९ नोव्हेंबर, गुरुवार. दिवस पहिला
पालक, भाकरी. एकदम सोपं. दानीएलाचं लोक उगीच एवढं कौतुक करतात. मी महिना काढीन.
हे बंदूक पुसत बसले होते.

११ नोव्हेंबर, शनिवार
वांग्यात मूठभर सुकट टाकली. सुकट मांसात धरत नाहीत. आणि प्रभूनं मासे खाल्ले असं पाळकच म्हणाले.

१२ नोव्हेंबर, रविवार
लंकाबाईनं मटणाचं वाडगं पाठवलं. मुद्दाम! फोडी यांच्यासाठी बाजूला काढल्या. रस्सा तेवढा भाकरीबरोबर घेतला. रस्सा म्हणजे पाणीच, आणि पाणी दानीएलही पीत होता.
यांनी फोडींना हात लावला नाही. पोट जड आहे म्हणाले. वय झालं. फोडी मांजरीला दिल्या. वाडग्यात सहा होत्या. मांजरीला चार दिल्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
आरशात बघितलं. शास्त्रात लिहिलंय, दानीएलाचा चेहरा टवटवीत झाला. माझाही झालाय. लंकाबाई म्हणाली, "शाकान्न मानवलं गं तुला, चांगलीच भरलीस." तिरकं बोलली का? नसेल.
हे आजही नुसती डाळ जेवले. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर नको.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
नाथा आला. यांचा शिकारीतला जोडीदार. हातात दोन तितर. दारातच झापला, म्हटलं या घरात दानीएलाचं व्रत चालू आहे, लाज नाही वाटत? मग ठेवून घेतले. दिलेलं परत कसं करायचं?
यांच्यासाठी रांधले. मीठ बघावं लागतं. तिखट बघावं लागतं. शिजलंय का ते बघावं लागतं. हे ताटावर बसले आणि म्हणाले, "मला पिठलं कर." पातेल्यात तसंही फारसं उरलं नव्हतं.
पिठलं सावकाश खाल्लं यांनी. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी कमाल आहे."
हाडं परसात पुरली. लपवली नाहीत. पुरली.

१९ नोव्हेंबर, रविवार. उपासनेवरून आल्यावर
पाळक म्हणाले, "सरुबाई, दहा दिवस झाले. साक्ष द्या." उभी राहिले. तोंड उघडणार तोच पुरुषांच्या बाकावरून हे उठले. चर्चमध्ये कधी ब्र न काढलेला माणूस! म्हणाले, "ती तीन पिल्लं बघितली आणि घास उतरेना. पण सोडायची हिंमत होत नव्हती. मग बायकोकडे बघितलं. एवढी खाणारी बाई, तिला जमतंय. मीही दहा दिवस मांसाला शिवलो नाही. शुक्रवारी बंदूक चौकीत जमा करतो."
नाथाच्या डोळ्यांत पाणी. तोही म्हणाला, सोडली. टाळ्या. माझी साक्ष राहूनच गेली. खाली बसले. खोटं बोलले नाही. बोललेच नाही.
बाहेर लंकाबाईनं हात धरले. म्हणाली, "वाडगं मी मुद्दाम पाठवलं होतं सरू, माफ कर मला." मी माफ केलं. आता ते लिहितानाही लाज वाटतेय.

२० नोव्हेंबर, सोमवार
पाळक घरी आले. म्हणाले, काल राहिलं, पण येत्या रविवारी प्रीतिभोजनाआधी सविस्तर साक्ष द्या, मोह कसा आवरला ते सांगा. हो म्हटलं. का म्हटलं?
हे बंदुकीला शेवटचं तेल देतायत. म्हणाले, "तुझ्यामुळे सुटली." मला त्यांच्याकडे बघवेना. दहा दिवस यांनी काढले आणि साक्ष मी द्यायची.
सांगावं तर बंदूक परत खांद्यावर. नाथा तर हसतहसत शिकारीला जाईल. गप्प बसावं तर रविवारी सगळ्या मंडळीपुढे देवाचं नाव घेऊन उभं राहायचं.
प्रभू, मी चौथी शिकलेली बाई, मला गोल बोलता येत नाही. खोट्यावर वाचलेला ससा तुला चालतो का? हो की नाही, एवढंच सांग. पाळकांना विचारायची सोय नाही, यांना तर नाहीच नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. शुक्रवारी सकाळी हे चौकीवर निघतात.