मॅडमच्या नावाचा नेचा

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून शिस्त. संग्रहालयाच्या तळघरात साठलेले नेच्यांचे, म्हणजे फर्नचे जीवाश्म महिनाअखेर ओळखून, जातवार लावून मोकळा. दुसऱ्या मजल्यावरची खिडकीवाली खोली रिकामी झालीय. संचालक मॅडम म्हणाल्या, ज्याचं काम दिसेल त्याला देऊ. इथे भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, काम दिसणार कसं? बायकोला सांगून टाकलं, खोली मिळालीच समज.

५ फेब्रुवारी
तळघरातल्या गारठ्याने सर्दी. शिस्त उद्यापासून.

९ फेब्रुवारी
सापडला! काळाभोर, नाजूक, फांदीला फांदी फुटलेला. कुठल्याच पुस्तकात नाही. पानांना शिरा नाहीत, मधली शीरसुद्धा नाही. एखाद्याला वाटेल काहीतरी चुकतंय. मला लगेच कळलं, नवी जात!

११ फेब्रुवारी
जातीला मॅडमचं नाव दिलं. लाळघोटेपणा नव्हे, शास्त्रातली पद्धतच आहे. शिंपलेवाला म्हणाला, बाबा रे, एकदा भिंगातून नीट बघ. हा वर बसून शिंपल्यांचे जीवाश्म बघतो आणि त्याच खोलीवर टपलाय. जळतोय, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी
मॅडम भलत्याच खूश. एरवी नुसती मान हलवतात, आज बसायला खुर्ची दिली. नणंदेला फोनसुद्धा केला म्हणे. मोठा फोटो काढून दिवाणखान्यात लावणार. सगळ्यांसमोर जाहीर करायला बाहेरून तज्ज्ञ बोलावलेत.

१७ फेब्रुवारी
भिंगातून बघितलं. शिंपलेवाला म्हणाला म्हणून नव्हे. नेचा दगडाच्या कडेवरून वळून खाली भेगेत उतरलाय. गाळात दबलेलं पान असं वळत नाही. थर आडवे, हा उभा. मग विचार केला, काही झाडं हट्टी असतात.

१८ फेब्रुवारी
त्याच ढिगातला आणखी एक दगड फोडला. त्याच्याही भेगेत तोच नेचा. भेग पडते दगड झाल्यावर. म्हणजे हा दगडानंतर उगवला? पुस्तकात एक प्रकरण आहे, भेगांतून पाणी झिरपून मँगनीजची नेच्यासारखी नक्षी उमटते त्याबद्दल. पुढे वाचलं नाही. वेळ कुठाय?

२० फेब्रुवारी
खरं सांगायचंच ठरवून वर गेलो. मॅडम फोटोची फ्रेम निवडत होत्या. विचारलं, सोनेरी की काळी? सोनेरी म्हणालो आणि खाली आलो. घरी बायको नव्या खोलीसाठी पडदा शिवतेय. इकडे आड, तिकडे विहीर.

२४ फेब्रुवारी
तज्ज्ञ आले. दगड हातात घेऊन एकदाच फिरवला. म्हणाले, हे कधी जिवंतच नव्हतं, मँगनीजचा डाग आहे. शिंपलेवाला मोठ्याने खोकला. मग मॅडमनी विचारलं, आपल्याकडचे बाकीचे नेचे कुणी ओळखलेत? अंगवळणी पडलेलं, छाती फुगवून बोलून गेलो, सगळेच्या सगळे मीच.

२५ फेब्रुवारी
खोली शिंपलेवाल्याला. मी आजवरचे सगळे नेचे पुन्हा तपासायचे. पहिला ड्रॉवर उघडला. वरच्या एकालाही शिरा नाहीत. ड्रॉवर बंद केला.
बायकोचा फोन आला. म्हटलं, मॅडमनी अख्खा संग्रह माझ्या हवाली केलाय, विश्वास आहे म्हणूनच ना? तेव्हा तूर्त खालीच बसावं लागेल. तिने विचारलं, तूर्त म्हणजे कधीपर्यंत? म्हटलं, रिटायर होईपर्यंत उरकेल. ती म्हणाली, उद्यापासून स्वेटर नेत जा.